साक्ष द्यायची चाल

मराठी प्रॉटेस्टंट मंडळीच्या प्रार्थनासभेत मध्येच एखादी बाई उभी राहते, पदर सारखा करते आणि प्रभूनं आपल्या पापांची क्षमा कशी केली ते सगळ्यांसमोर सांगते. याला साक्ष देणं म्हणतात. ‘माझा विश्वास आहे’ एवढ्यावर भागत नाही. आधी काय हाल होते, ओझं कधी उतरलं, हेही यावं लागतं.

चाल आली मिशनऱ्यांबरोबर. बाबा पदमनजींनी १८८८ साली ‘अरुणोदय’ या आत्मचरित्रात आपल्या धर्मांतराची हकिकत लिहिली. पण या चालीला मराठी काळीज दिलं ते पंडिता रमाबाईंनी, असं मला वाटतं.

रमाबाईंचं बालपण तीर्थयात्रांत गेलं. वडील अनंतशास्त्री डोंगरे कुटुंबाला घेऊन देशभर पायी हिंडले. पुराणं सांगायची, उपास करायचे, पुण्य जोडायचं. एवढं करून दुष्काळात आईवडील गेले. १८८३ साली इंग्लंडमध्ये वाँटेजला रमाबाईंनी बाप्तिस्मा घेतला. गोष्ट इथं संपायला हवी होती, पण शास्त्र्यांची लेक ती! त्रैक्यासारख्या सिद्धान्तांवरून तिथल्या मठातल्या ख्रिस्ती जोगिणींशी त्यांचे वाद झडले, पत्रांवर पत्रं गेली. धर्म पटला होता, मनाला स्वस्थता नव्हती. पुढे विल्यम हॅस्लम या इंग्रज धर्मगुरूचं आत्मकथन हाती आलं. दीक्षा घेऊन वर्षं झालेला हा गृहस्थ व्यासपीठावर स्वतःचंच प्रवचन देताना पालटला होता. रमाबाईंना आपलं दुखणं त्यात सापडलं. १८९१च्या सुमारास, बाप्तिस्म्यानंतर आठ वर्षांनी, क्षमा कमवायची नसते, ती नुसती घ्यायची असते, हे त्यांना उमगलं. अनवाणी तीर्थं तुडवून पुण्याचा हिशेब ठेवलेल्या बाईला हा केवढा सुटकारा! १९०७ साली त्यांनी हे सगळं लिहून काढलं. मराठीत ते ‘माझी साक्ष’ म्हणून ओळखलं जातं.

तोवर रमाबाईंच्या केडगावच्या मुक्ती मिशनात ही चाल मुलींच्या अंगवळणी पडली होती. १९०५च्या जूनअखेरीस तिथं मोठं संजीवन, म्हणजे धार्मिक जागृती, झालं. दुष्काळातून वाचवून आणलेल्या मुली, बालविधवा, सगळ्या एकदमच मोठ्यानं प्रार्थना करू लागल्या. आधी रडणं, पापांची कबुली, मग गाणं, टाळ्या, नाच. शिस्तीच्या काही पाहुण्यांना हा गोंगाट वाटला. रमाबाईंनी तो बंद केला नाही. भजनात देहभान विसरणं ज्या मुलखात नित्याचं, तिथल्या मुलींनी आनंद मुकाट्यानं का करावा?

सगळ्यांची साक्ष मात्र एकाच साच्यातली नाही. लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ पाहा. नवरा, म्हणजे कवी नारायण वामन टिळक, १८९५ साली ख्रिस्ती झाला तेव्हा त्या हादरल्या. पाच वर्षांनी त्यांनी स्वतः बाप्तिस्मा घेतला. पण त्यांच्या मनातली गाठ सुटली ती पापाच्या विचारानं नव्हे. जात देवानं केली नाही, माणसानंच केली, असं एकदा मनानं घेतलं आणि त्यांनी ठरवलं: आता कुणाच्याही हातचं खायचं, कुणाच्याही हातचं पाणी प्यायचं.