मूळ दस्त आणि नक्कल : कल्याण कॅम्पपासून आरएनएपर्यंत

ठाणे स्थानकाच्या पश्चिमेला नौपाडा, पूर्वेला कोपरी. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या कुटुंबांची एक वसाहत कोपरीत उभी राहिली. त्याहून कितीतरी मोठी वस्ती कल्याणजवळ झाली. दुसऱ्या महायुद्धात सैन्यासाठी बांधलेल्या बराकींत सुमारे लाखभर निर्वासित येऊन राहिले. ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते तिथे नव्या नगराची पायाभरणी झाली आणि ‘कल्याण कॅम्प’चे उल्हासनगर झाले.

या स्थलांतराचा इतिहास घरे, दुकाने आणि भाषा यांच्या अंगाने पुष्कळदा लिहिला गेला आहे. त्याची आणखी एक नोंद लोकांच्या पेशींत आहे. बीटा थॅलेसेमिया या आनुवंशिक रक्तदोषाचे प्रमाण सिंधी आणि लोहाणा समाजांत देशाच्या सरासरीपेक्षा बरेच जास्त आढळते. मात्र हा दोष कोणा एका समाजाचा नव्हे. भूमध्य समुद्रापासून आग्नेय आशियापर्यंत जिथे जिथे मलेरिया पिढ्यान्‌पिढ्या ठाण मांडून होता, तिथे तो सापडतो. कारण जनुकाची एकच प्रत सदोष असेल, तर त्या माणसाला मलेरियापासून काहीसे संरक्षण मिळते. मराठी कुटुंबांतही त्याचे वाहक आहेत.

वाहक स्वतः निरोगी असतो. आई आणि वडील दोघेही वाहक असतील, तर प्रत्येक गरोदरपणात मूल आजारी असण्याची शक्यता चारात एक. असे मूल जन्मतः ठीक दिसते, कारण गर्भावस्थेतले वेगळ्या प्रकारचे हिमोग्लोबिन काही महिने पुरते. ते ओसरले की मूल पांढरे पडू लागते. मग दर दोन ते चार आठवड्यांनी रक्त चढवायचे आणि त्या रक्तातून साठणारे लोह औषधाने काढत राहायचे, असा क्रम जन्मभर चालतो. डेट्रॉइटचे बालरोगतज्ज्ञ थॉमस कूली यांनी १९२५ मध्ये या आजाराचे वर्णन केले. भारतातली पहिली नोंद १९३८ मध्ये कलकत्त्यातून झाली. पण बिघाड नेमका कुठे, हे कळायला आणखी चार दशके जावी लागली. त्यासाठी डीएनए आणि आरएनए यांची कामे वेगळी आहेत, हे आधी उमगावे लागले.

केंद्रक नसलेली पेशी

दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात घराच्या दस्ताची नोंद असते. ते दप्तर कार्यालयाबाहेर जात नाही. बँकेत आणि सोसायटीत फिरते ती नक्कल. पेशीचा कारभारही असाच चालतो. डीएनए केंद्रकात जपलेला असतो. ज्या प्रथिनाची गरज आहे, तेवढ्याच जनुकाची आरएनए-नक्कल तयार होऊन केंद्रकाबाहेर जाते आणि रायबोसोम ती वाचून प्रथिन बनवतात.

दोघांच्या घडणीतच हा फरक आहे. डीएनएचे दोन धागे एकमेकांना धरून असतात. एक बिघडला तर दुसऱ्यावरून दुरुस्ती होते. आरएनए बहुधा एकेरी असतो. त्याच्या शर्करेत ऑक्सिजनचा एक अणू जास्त असतो आणि त्यामुळे तो लवकर तुटतो. डीएनएच्या चार अक्षरांपैकी थायमिनच्या जागी आरएनएत युरॅसिल येते. डीएनएतले सायटोसिन आपोआप बिघडून कधीकधी युरॅसिल बनते. तिथे युरॅसिल दिसले की ती चूक आहे, हे पेशीला लगेच ओळखता येते. जपून ठेवायचे ते टिकाऊ आणि दुरुस्त करता येण्याजोगे, वापरून टाकायचे ते अल्पायुषी, अशी ही विभागणी आहे.

तांबड्या पेशीत ही विभागणी डोळ्यांना दिसते. अस्थिमज्जेत तयार होत असताना ही पेशी आपले केंद्रक बाहेर टाकते. केंद्रकाबरोबर त्यातला डीएनएही जातो. तरीही पुढचे दोनएक दिवस तिच्यात हिमोग्लोबिन बनतच राहते, कारण आधी काढलेल्या नकला आत शिल्लक असतात. या अर्धवट वयाच्या पेशीला रेटिक्युलोसाइट म्हणतात. पॅथॉलॉजीच्या रिपोर्टात ‘रेटिक काउंट’ लिहिलेला असतो तो हाच; विशिष्ट रंग दिल्यावर सूक्ष्मदर्शकाखाली दिसणारी तिच्यातली जाळी म्हणजे मुख्यतः आरएनए. तो संपला की नवे काही बनत नाही आणि ती पेशी आहे त्या हिमोग्लोबिनवर सुमारे १२० दिवस काढते.

१९७१ मध्ये जॉन गर्डन आणि सहकाऱ्यांनी सशाच्या रेटिक्युलोसाइटमधला आरएनए बेडकाच्या अंडपेशीत सोडला. बेडकाच्या पेशीने सशाचे हिमोग्लोबिन बनवून दिले. नक्कल हाती असेल, तर मूळ दप्तर दुसऱ्या प्राण्याचे असले तरी काम अडत नाही, हे त्यातून सिद्ध झाले.

दोन बिघाड

बीटा ग्लोबिनचे जनूक अकराव्या गुणसूत्रावर असते. त्याची लांबी सुमारे १,६०० अक्षरे. पण पेशीत वापरली जाणारी नक्कल सहाशेच्या थोडी वर भरते. १९७७ मध्ये फिलिप शार्प आणि रिचर्ड रॉबर्ट्स यांच्या कामातून कळले की जनुकांत मध्येमध्ये प्रथिनाच्या उपयोगी न पडणारे तुकडे असतात. नक्कल आधी अख्खी निघते; मग ते तुकडे कापून उरलेले भाग सांधले जातात. बीटा ग्लोबिनमध्ये असे दोन तुकडे आहेत, पहिला १३० अक्षरांचा आणि दुसरा ८५० अक्षरांचा.

या शोधानंतर थॅलेसेमियाचे कोडे सुटू लागले. १९७९ मध्ये स्टुअर्ट ऑर्किन आणि सहकाऱ्यांना काही भारतीय रुग्णांच्या जनुकाचे शेवटचे टोकच गायब आढळले. तिथे ६१९ अक्षरे नव्हती. सिंधी कुटुंबांत वारंवार दिसणारा बिघाड तो हाच. इथे मूळ दस्ताचे पानच फाटलेले असते.

भारतात सर्वांत जास्त आढळणारा बिघाड मात्र वेगळा आहे. पहिल्या टाकाऊ तुकड्यातले पाचवे अक्षर ‘जी’ऐवजी ‘सी’ असते. प्रथिनाची माहिती असलेले एकही अक्षर बदललेले नसते. पण कापायची खूण पुसट झाल्यामुळे आरएनए बहुतेक वेळा भलत्याच जागी कापला जातो आणि योग्य नक्कल फार थोडी निघते. दोष डीएनएतला, पण त्याचा परिणाम आरएनएच्या कापणीत. दोघांचे काम एकमेकांत किती गुंतले आहे, हे या एका अक्षरावरून कळते.

परळ

आता मध्य रेल्वेने परळला यायला हवे. केईएम रुग्णालयातल्या डॉ. वाय. एम. भेंडे आणि सहकाऱ्यांनी १९५२ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये बॉम्बे रक्तगटाची नोंद केली. वॉटसन आणि क्रिक यांची डीएनएची रचना त्यानंतरच्या वर्षी आली. याच आवारात १९५७ मध्ये रक्तगट संदर्भ केंद्र सुरू झाले आणि त्यातून पुढे आजची राष्ट्रीय प्रतिरक्षा रक्तविज्ञान संस्था घडली. थॅलेसेमियाचे गर्भावस्थेतले निदान तिथे १९८० च्या दशकात सुरू झाले.

आरंभीच्या पद्धतीत गर्भाचे रक्त घ्यावे लागे, कारण ग्लोबिनचा आरएनए फक्त रक्त बनवणाऱ्या पेशींतच असतो. त्यासाठी अठरा-वीस आठवडे थांबणे भाग होते. आणि १९७१ च्या कायद्यात गर्भपाताची मर्यादा वीस आठवड्यांची होती. निर्णयाला जेमतेम काही दिवस उरत. डीएनए मात्र गर्भाच्या बहुतेक सर्व पेशींत सारखाच असतो. त्यामुळे वारेच्या पेशींचा लहानसा नमुना दहा-बारा आठवड्यांना घेऊन निदान करता येऊ लागले. एका जोडप्याला विचार करायला मिळालेले हे दीड-दोन महिने डीएनए आणि आरएनए यांच्यातल्या फरकाने दिलेले आहेत.

नोव्हेंबर २०२३ मध्ये ब्रिटनने थॅलेसेमियावरच्या पहिल्या जनुक-संपादन उपचाराला मान्यता दिली. त्यात आरएनएचा छोटा धागा डीएनएवरची नेमकी जागा शोधतो, तिथे काप बसतो आणि गर्भावस्थेतले हिमोग्लोबिन पुन्हा बनू लागते. इथे नक्कल मूळ दस्ताची वाटाडी झाली. पण हा उपचार अतिशय महाग आहे. आपल्या जिल्ह्यातल्या बहुतेक कुटुंबांच्या तो आवाक्याबाहेर राहील.

त्यांच्या आवाक्यात आहे ती ‘एचबी ए-टू’ची साधी रक्ततपासणी. वाहकांत हे प्रमाण बहुधा साडेतीन टक्क्यांच्या वर जाते. पत्रिका जुळवण्याआधी, निदान पहिल्या गरोदरपणात लगेच, ही तपासणी झाली, तर पुढचे सगळे निर्णय वेळेत घेता येतात. १९४९ मध्ये छावणीत उतरलेल्या माणसांना आपल्या रक्तात काय आले आहे, हे कळण्याचा मार्ग नव्हता. त्यांच्या नातवंडांना आणि त्यांच्या शेजारी राहणाऱ्या आपल्याला तो आहे.