गृहीतागमा

शिवडीहून हार्बरची गाडी पकडून सीएसएमटीला उतरायचं आणि चर्चगेटच्या दिशेने चालू लागायचं. नाथीबाई ठाकरसी मार्गावर एसएनडीटी महिला विद्यापीठाचं आवार येतं. इथून मुली बी. ए. होऊन बाहेर पडतात. त्यांच्या पणज्यांच्या पिढीत याच विद्यापीठाची मुलगी बी. ए. नव्हे, 'गृहीतागमा' होत असे.

जिने आगम, म्हणजे शास्त्रं, ग्रहण केली ती गृहीतागमा. त्यापुढची पायरी 'प्रदेयागमा': जिच्याजवळचं ज्ञान आता दुसऱ्याला देण्याजोगं झालं ती. आज 'गृहीत' म्हटलं की बाईला गृहीत धरणंच आठवतं. या शब्दात मात्र घेणारी तीच आहे. शिवाय 'बॅचलर' म्हणजे अविवाहित पुरुषही. ज्या महर्षी कर्व्यांनी १८९६ साली विधवांसाठी आश्रम काढला, त्यांनीच काढलेल्या या विद्यापीठातल्या बाईला 'बॅचलर' म्हणणं विचित्रच ठरलं असतं. गंमत अशी की संस्कृत समासाची आद्याक्षरंही सोयीची निघाली: जी. ए. आणि पी. ए. इंग्रजी पाटीवरही खपून जाणारी.

कल्पनेचं बीज जपानातलं. टोकियोच्या महिला विद्यापीठाची माहिती देणारी एक पुस्तिका कर्व्यांच्या हाती आली होती. डिसेंबर १९१५ मध्ये मुंबईच्या सामाजिक परिषदेत अध्यक्ष म्हणून त्यांनी तसंच विद्यापीठ इथे काढायचा विचार मांडला, आणि १९१६ साली पुण्यात पाच विद्यार्थिनींवर सुरुवातही केली. कुलपती रामकृष्णपंत भांडारकर, कुलगुरू रँग्लर परांजपे. शिकवायचं मातृभाषेतून, इंग्रजी हा सक्तीचा विषय, पण माध्यम नव्हे. मुंबई विद्यापीठाच्या तोऱ्यापुढे हे धाडसच होतं. १९२० साली विठ्ठलदास ठाकरसींनी पंधरा लाख देऊ केले आणि त्यांच्या आईचं नाव विद्यापीठाला लागलं. १९३६ साली मुख्य कचेरी मुंबईत आली.

पैसा आला, नाव आलं, पण सरकारी मान्यता येईना. सरकारी नोकरीच्या बाजारात जी. ए. चं नाणं खणखणीत वाजत नसे. शब्दाचा अर्थ नेमका असून उपयोग काय, अर्ज तपासणाऱ्या कारकुनाला बी. ए. च हवी! तरी न. चिं. केळकरांच्या कन्या कमलाबाई देशपांडे जी. ए. झाल्या आणि पुढे थेट प्रागहून डॉक्टरेट घेऊन आल्या.

१९५१ साली एकदाची कायद्याची मान्यता मिळाली. पदव्या चारचौघांसारख्या बी. ए., एम. ए. झाल्या. मुलींच्या दृष्टीने बरंच झालं. मला मात्र त्या शब्दाची हळहळ वाटते. जुन्या पुस्तकावर एखाद्या बाईच्या नावापुढे 'जी. ए.' छापलेलं दिसतं, तेव्हा आजच्या वाचकाला आधी धारवाडचे कथाकार कुलकर्णीच आठवतात.