परतीचा दोर

'परतीचे दोर कापले' असं आपण सहज बोलून जातो, तेव्हा नकळत सिंहगडावरच उभे असतो. ४ फेब्रुवारी १६७०ची ती रात्र. तानाजी पडले, मावळे मागे फिरले आणि सूर्याजीने कड्यावरचे दोर कापून टाकले, अशी परंपरेने चालत आलेली कथा. पोवाड्यात घोरपड आहे. सभासदाच्या बखरीत ती नाही, तिथे मावळेच वानरांसारखे कडा चढतात. १९८३ साली त्याच गडाच्या परिसरात, वयाच्या तेराव्या वर्षी, मी पहिल्यांदा कमरेला दोर बांधला. मला शिकवण मिळाली ती मात्र नेमकी उलटी.

आम्ही स्काउट होतो. बेडन-पॉवेल यांनी ऑगस्ट १९०७ मध्ये इंग्लंडमधल्या ब्राउनसी बेटावर वीसेक मुलांचं शिबिर भरवलं आणि ही चळवळ सुरू झाली. १९०९ साली ती भारतात आली, पण सुरुवातीला गोऱ्या आणि अँग्लो-इंडियन मुलांपुरतीच. एतद्देशीय मुलांना दार बंद होतं. मग आपल्याकडच्या मंडळींनी स्वतःची पथकं उभी केली. अ‍ॅनी बेझंट यांचं नाव त्यात ठळक. पुढे ७ नोव्हेंबर १९५० रोजी या संघटना एकत्र येऊन 'भारत स्काउट्स अँड गाइड्स' झाली. आमच्या पथकात सुताराचा, शिक्षकाचा, पानवाल्याचा मुलगा होता, आणि मी होतो. खाकी गणवेशात सगळे सारखेच दिसायचो.

कातळ असेल तीस-पस्तीस फुटांचा. त्याला हात लावण्याआधी सरांनी आम्हाला दोन रविवार नुसत्या गाठी मारायला लावल्या. दोरावर पाय दिला की ओरडा बसे. बुटाखालची बारीक खडी दोराच्या पिळात शिरते आणि आतून धागे कापते, असं ते सांगत. मग नियम आले. दोन हात आणि दोन पाय, यांतला एका वेळी एकच हलवायचा, बाकीचे तीन खडकावर. भार पायांवर ठेवायचा, हातांवर नाही. कपारीतल्या गवताला धरायचं नाही. आपल्या सह्याद्रीचा बेसॉल्ट पावसाळ्यानंतर कुठे सुटा झालेला असेल सांगता येत नाही, म्हणून पकड आधी ठोकून पाहायची. दगड निसटला तर लाजायचं नाही, मोठ्याने 'दगड!' म्हणून ओरडायचं.

शेकोटीपाशी सरांनी मॅटरहॉर्नची गोष्ट सांगितली. १४ जुलै १८६५ रोजी सात जण आल्प्समधल्या त्या शिखरावर पहिल्यांदा पोहोचले. उतरताना एकाचा पाय घसरला, दोर तुटला आणि चौघे गेले. तो तुटका दोर झेरमॅटच्या संग्रहालयात जपून ठेवला आहे. तेव्हाचे दोर वनस्पतींच्या धाग्यांचे. झटका सोसायला ते फारसे ताणत नसत, आणि ओल लागली की आतून कुजत. नायलॉन आलं १९३५ साली. आत गाभा आणि बाहेर विणलेलं आवरण असा आजचा दोर १९५३ साली जर्मनीत तयार झाला. आमचा दोर साधा पिळाचा, नायलॉनचा, मागून आणलेला होता.

माझी पाळी आली. मी पॅट्रोल लीडर, त्यामुळे ताठा भरपूर. कमरेला बोलाइन गाठ मारली आणि कातळाकडे निघालो. नियम असा की मागच्या मुलाने पुढच्याची गाठ तपासायची. माझ्या मागे पथकातला सर्वांत लहान, अबोल मुलगा होता. तो हळूच म्हणाला, "गाठ चुकलीय."

"तू मला शिकवणार?" मी उसळलो.

सर जवळ आले. मला काहीच बोलले नाहीत. त्या मुलाला म्हणाले, "ओढ रे." त्याने ओढलं आणि गाठ सरकन सुटून दोर त्याच्या हातात गेला. सगळे हसले. मी मान खाली घालून गाठ पुन्हा बांधली आणि या वेळी स्वतःहून त्याला दाखवली.

वीसेक फुटांवर माझा पाय सुटला. वर झाडाला स्वतःला बांधून, दोर पाठीमागून घेऊन सुताराचा मुलगा बसला होता. जेमतेम हातभर खाली आलो आणि लोंबकळलो. वर पोहोचलो तेव्हा त्याचे तळवे लाल झाले होते. "हात सोडला नाही हं," एवढंच तो म्हणाला.

घरी अम्मीला हे बरीच वर्षं सांगितलं नाही. सांगितलं तेव्हा तिने विचारलं, "गाठ बघणारा तो छोटा कुठंय?" दोर धरणारा तिला आधी आठवला नाही. मला तिचं म्हणणं पटतं. धरणाऱ्याचे हात कितीही घट्ट असोत, माझी पहिली गाठ त्या हातांपर्यंत पोहोचलीच नसती.

आज कमरपट्टे आहेत, हेल्मेट आहेत, दोर अडवणारी साधनं आहेत. तरी चढण्याआधी जोडीदाराने गाठ तपासायची, हा नियम तसाच आहे. लढाईत दोर कापणारा सूर्याजी मोठाच. पण लढाया रोज नसतात. रोजच्या चढणीवर मला आठवतो तो अबोल मुलगा. मी नवी कविता लिहिली की अजूनही ती आधी कुणाच्या तरी हाती देतो आणि म्हणतो, "ओढून बघ."