शब्द कोठें तोडावा?

लांब इंग्रजी शब्द समोर आला, कीं नवशिक्यापुढें दोन प्रश्न उभे राहतात: त्याचे अवयव कसे पाडावे आणि आघात कोठें द्यावा? अठराव्या शतकांत अमेरिकेंतील शाळांमध्यें याचें उत्तर बहुधा टॉमस डिलवर्थ या इंग्रज शिक्षकाच्या पुस्तकांतून मिळे. तें १७४० सालीं लंडनमध्यें निघालें होतें. दोन स्वरांमधील एकटें व्यंजन पुढील स्वराकडे द्यावें, ही त्याची रीत. त्यामुळें 'हॅबिट' या शब्दांतील 'ब' दुसऱ्या अवयवांत जाई. पण इंग्रजींत अवयवाच्या अखेरीस आलेला स्वर दीर्घ वाचण्याची संवय. म्हणून मूल 'हे-बिट' असें वाचूं लागे. 'नेशन'सारख्या शब्दाचे तर, बोलण्यांत दोनच अवयव असतां, पुस्तकांत तीन तुकडे पडत.

नोआ वेब्स्टर हा तरुण शिक्षक १७८२ सालीं न्यूयॉर्क संस्थानांतील गोशेन येथें मुलांना शिकवीत होता. पुढच्याच सालीं त्यानें हार्टफर्ड येथें आपलें वर्णपाठाचें पुस्तक प्रसिद्ध केलें. कानाला जसा ऐकूं येतो तसाच शब्द तोडावा, हा त्याचा सिद्धांत. 'हॅब्-इट', 'क्लस्-टर' असे भाग त्यानें पाडले. 'नेशन'चा शेवट एकच अवयव मानला. अवयवांची संख्या व आघाताचें स्थान पाहून त्यानें शब्दांच्या याद्या लावल्या. एका यादींतील शब्द एका ठेक्यांत म्हणतां म्हणतां आघात मुलाच्या जिभेवर बसे.

१७८३ सालींच इंग्लंडनें अमेरिकेचें स्वातंत्र्य मान्य केलें. तेरा संस्थानांच्या या नव्या राष्ट्रांत जागोजागीं निराळे उच्चार रुजले, तर ऐक्यालाहि तडा जाईल, अशी वेब्स्टरला धास्ती होती. शब्दाच्या मधली ती लहानशी रेघ त्याच्या लेखीं राष्ट्र सांधणारा टांका होती. पुढें त्या पुस्तकाच्या कोट्यवधि प्रती खपल्या.

मराठी वाचकाला मात्र डिलवर्थचीच रीत आपलीशी वाटेल. देवनागरींत व्यंजन पुढील स्वरालाच बिलगतें, आणि बोलण्यांत बहुतेक अक्षरांना आपापला मान मिळतो. इंग्रजींत तसें नाहीं. 'फोटोग्राफ'मध्यें आघात पहिल्या अवयवावर, 'फोटोग्राफर'मध्यें दुसऱ्यावर, 'फोटोग्राफिक'मध्यें तिसऱ्यावर. आणि आघात हलला, कीं मागें राहिलेले स्वर फिके पडतात. अशा शब्दांत डोळ्यापेक्षां कानाची साक्ष अधिक खरी, हें वेब्स्टरचें म्हणणें आजहि नवशिक्याच्या उपयोगीं पडतें.