दहा रुपयांची गंजी

चैत्रात भीमेकाठी दुपारच्या वेळी जागोजाग धूर दिसू लागतो. तुरीची धसकटे, उसाचे पाचट, बांधावरचे वाळके गवत पेटवून रान मोकळे करण्याची रीत जुनी आहे. अशा आगीने बांध ओलांडून शेजाऱ्याची कडब्याची गंजी खाल्ली, तर भरपाई कोणी द्यायची? अफजलपूर तालुक्यातील करजगीच्या परिसरात या प्रश्नाला कायद्याचा आणखी एक पदर होता. एकाच खोऱ्यात सोलापूरकडे इंग्रजी अंमल, अक्कलकोटचे संस्थान आणि गुलबर्ग्याकडे निजामाचे राज्य. वारा यांपैकी कोणाचीच हद्द मानत नसे.

इंग्रजी मुलखात १८६२ पासून भारतीय दंड संहिता लागू होती. नुकसान करण्याच्या हेतूने, किंवा ते होण्याचा संभव ठाऊक असूनही आग लावली, तर कलम ४३५ खाली सात वर्षांपर्यंत कैद होई. मात्र नुकसान शंभर रुपयांचे असावे लागे. १८८२ च्या दुरुस्तीने शेतमालापुरती ही मर्यादा दहा रुपयांवर आणली. आम्हाला या लहानशा आकड्याचे मोल मोठे वाटते. शंभर रुपयांची गंजी सावकाराची असे. दहा रुपयांची गंजी गरीब कुळाची, आणि तीच बैलांची उन्हाळ्यातली बेगमी. सात वर्षांपूर्वी, १८७५ च्या दंग्यात, पुणे जिल्ह्यात सावकारांच्या गंज्या पेटल्या होत्या. दुरुस्तीमागे ती आठवण होती की काय, हे सांगण्याचे धाडस आम्ही करीत नाही. गुलबर्ग्याच्या मुलखाला ही संहिता १९५१ मध्ये लागू झाली.

पण हेतू नसेल तर? कलम २८५ मध्ये निष्काळजीपणाला सहा महिने कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड होता. त्यातून जळलेल्याच्या पदरी फारसे काही पडत नसे. पुऱ्या भरपाईसाठी दिवाणी दावाच लावावा लागे. तिथे आपल्या न्यायालयांना इंग्रजी निवाड्यांचा आधार मिळाला. १६९७ च्या टर्बरव्हिल विरुद्ध स्टॅम्प या खटल्यात असे ठरले, की रानात पेटवलेली आग ही चुलीतल्या आगीइतकीच पेटवणाऱ्याची आहे; अचानक वादळ उठले आणि त्याची हयगय नसेल, तरच त्याची सुटका. १८३७ च्या व्हॉन विरुद्ध मेनलव्ह खटल्यातील शेतकऱ्याने तर काहीच पेटवले नव्हते. हद्दीलगत रचलेली त्याची गवताची गंजी आतून तापत होती. लोकांनी पुनःपुन्हा बजावले, त्याने ऐकले नाही. गंजी पेटली आणि शेजाऱ्याची घरे गेली. आपण आपल्या समजुतीप्रमाणे वागलो, हा त्याचा बचाव न्यायालयाने नाकारला. कसोटी लागली ती सामान्य शहाण्या माणसाची.

चैत्राच्या दुपारी भीमेकाठचा सामान्य शहाणा माणूस काय करील, हे कोणत्याही गावकऱ्याला विचारावे. तो आधी बांधालगतचा पट्टा नांगरून घेतो, सकाळी वारा पडलेला असताना पेटवतो, पाण्याचे पिंप जवळ ठेवतो आणि शेजाऱ्याला हाक मारतो. हे केले नसेल तर वाऱ्यावर दोष ढकलता येत नाही, असे आमचे मत आहे.

१ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता आली. तिच्या कलम ३२६ मध्ये दहा आणि शंभर, दोन्ही आकडे गेले. ‘शेतमालासह कोणतीही मालमत्ता’ एवढेच राहिले. निष्काळजीपणाचा दंड दोन हजारांपर्यंत गेला. परंतु महाराष्ट्रातील ठाण्यांच्या दप्तरात ‘अकस्मात जळीत’ ही नोंद अजून आहे. गंजीच्या राखेजवळ पंचनामा करताना वारा कुठून होता, बांधालगत नांगरट होती काय, हे लिहून घेतले नाही, की दिवाणी दाव्यात दाखवायला पुढे काही उरत नाही.