एसटीएल : त्रिकोणांची वही

थ्रीडी प्रिंटर वापरणाऱ्या प्रत्येकाकडे एसटीएल फाइल येतेच. ती उघडून आत काय आहे ते मात्र फारसं कुणी बघत नाही. आज तेवढंच बघू.

चक हल या अमेरिकन इंजिनिअरला १९८६ साली स्टिरिओलिथोग्राफीचं पेटंट मिळालं. अतिनील किरणांनी द्रव रेझिन कडक करायचं, थरावर थर चढवत वस्तू उभी करायची, अशी ती पद्धत. त्यांच्या थ्रीडी सिस्टिम्स कंपनीचं यंत्र १९८७ मध्ये बाजारात आलं, आणि त्याच सुमारास यंत्राला आकार समजावून सांगणारी ही फाइल अल्बर्ट कन्सल्टिंग ग्रुपने तयार केली.

आता प्रश्न असा, की त्रिकोणच का? कारण यंत्राला फक्त आडवे काप हवे होते. त्रिकोणाला आडवा छेद दिला की सरळ रेघ मिळते. अशा रेघा जोडल्या की त्या थराची कड तयार! गणित इतकं सोपं, की तेव्हाच्या तुटपुंज्या संगणकालाही ते जमायचं. बदल्यात गोल वस्तू खरी गोल राहत नाही, तिला पैलू पडतात.

फाइलचे दोन प्रकार. एक मजकुराचा : तो साध्या टेक्स्ट एडिटरमध्ये उघडतो, 'सॉलिड' या शब्दाने सुरू होतो आणि पुढे प्रत्येक त्रिकोणाचे तीन बिंदू वाचता येतात. दुसरा बायनरी. त्यात सुरुवातीचे ८० बाइट शीर्षकाला, ४ बाइट त्रिकोणांच्या संख्येला, मग दर त्रिकोणाला ५०. ठोकळ्याच्या सहा बाजू म्हणजे १२ त्रिकोण, म्हणजे बरोबर ६८४ बाइट. हा हिशेब लक्षात ठेवा, कारण काही सॉफ्टवेअर बायनरी फाइलच्या शीर्षकातही 'सॉलिड' लिहितात आणि वाचणारा प्रोग्रॅम फसतो. आकारमान मोजलं की खरं-खोटं कळतं.

पण खरी गोम वेगळीच आहे. या फाइलमध्ये एककच नाही. 'दोन' लिहिलंय, पण दोन काय? इंचात काढलेली दोन इंचांची कडी प्रिंटरने मिलिमीटर समजून छापली, की हातात येते दोन मिलिमीटरची. २५.४ पट लहान! १९८७ साली माणसं कमी, यंत्र ओळखीचं. एकक तोंडी सांगून भागत असणार. आज फाइल काढणारा एका देशात आणि छापणारा दुसऱ्या देशात असतो.

मला विचाराल तर ही चूक नव्हे, काटकसर होती. २०११ मध्ये एएमएफ आलं, २०१५ मध्ये थ्रीएमएफ. दोन्हींत एकक आहे, रंगही आहे. तरी एसटीएल हटलेलं नाही. चाळीस ओळींचा प्रोग्रॅम लिहून कॉलेजातला पोरगाही ते वाचू शकतो, हे त्याचं बळ. तेव्हा जुन्या फाइली जपत असाल तर एक करा : फाइलच्या नावातच 'मिमी' की 'इंच' ते लिहून ठेवा. आत त्याला जागा नाही.