शरदातील धम्मवारसा: चंद्रपूर-गडचिरोलीत काय पाहावे, काय करावे



ऑक्टोबर उजाडला की आपल्या वस्त्यांमधून गाड्या ठरू लागतात. आधी नागपूर, मग चंद्रपूर. दोन-तीन दिवसांत आपण दीक्षाभूमीला वंदन करतो, पुस्तके घेतो, भाषणे ऐकतो आणि घरी परततो. भद्रावतीच्या विजासन लेण्या मात्र चंद्रपूरपासून तीस किलोमीटरच्या आत असूनही अनेकांच्या वाटेवर येत नाहीत. नागभीड परिसरातील देवटेकचे नाव तर आपल्यापैकी अनेक तरुणांनी ऐकलेलेही नसते. १९५६ ला आपण धम्म नव्याने स्वीकारला, पण या मातीला तो नवा नव्हता. त्याचे पुरावे आपल्याच दोन जिल्ह्यांत आहेत. यंदाच्या शरदात ते पाहता यावेत, समजून घेता यावेत आणि जपता यावेत, म्हणून आम्ही ही माहिती एकत्र केली आहे.

लक्षात ठेवायच्या तारखा

१४ ऑक्टोबर व अशोक विजयादशमी: नागपूर दीक्षाभूमीवरील धम्मचक्र प्रवर्तन दिन.
१५ व १६ ऑक्टोबर: चंद्रपूर दीक्षाभूमीवरील धम्मचक्र अनुवर्तन सोहळा.
अश्विन पौर्णिमा: आषाढ पौर्णिमेला सुरू झालेल्या वर्षावासाची समाप्ती. त्यानंतर कार्तिक पौर्णिमेपर्यंत विहारांमध्ये कठीण चीवरदान.
१९ ते २५ नोव्हेंबर: जागतिक वारसा सप्ताह. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण तो दरवर्षी पाळते.
२६ नोव्हेंबर: संविधान दिन.

पहिला टप्पा: चंद्रपूर दीक्षाभूमी

१४ आणि १५ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात दीक्षा दिल्यानंतर बाबासाहेब १६ ऑक्टोबरला तेव्हाच्या चांदा शहरात आले आणि येथील जनसमुदायाला त्यांनी धम्मदीक्षा दिली. बॅरिस्टर राजाभाऊ खोब्रागडे या शहराचे सुपुत्र. चांद्याच्या सोहळ्यामागे त्यांचा पुढाकार होता. पुढे ते राज्यसभेचे उपसभापती झाले. त्यानंतर अवघ्या ५१ दिवसांनी, ६ डिसेंबरला, बाबासाहेबांचे महापरिनिर्वाण झाले.

गडचिरोलीच्या तरुणांनी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. गडचिरोली जिल्हा २६ ऑगस्ट १९८२ ला वेगळा झाला. १९५६ साली आरमोरी, चामोर्शी, सिरोंचा हा सारा मुलूख चांदा जिल्ह्यातच होता. म्हणजे चांद्याची दीक्षा ही तुमच्याही जिल्ह्याची दीक्षा आहे.

दुसरा टप्पा: भद्रावतीची विजासन लेणी

भद्रावतीचे जुने नाव भांदक. रेल्वे स्थानकाचे नाव आजही तेच आहे. गावाजवळच्या विजासन टेकडीत ही लेणी कोरलेली आहे. तिची रचना वेगळी आहे. समोरून एक लांब दालन सरळ डोंगरात जाते आणि त्याच्या शेवटी गाभाऱ्यात बसलेल्या बुद्धाची भव्य मूर्ती आहे. या दालनाला काटकोनात उजवीकडे आणि डावीकडे आणखी दोन दालने फुटतात आणि त्यांनाही आपापले गाभारे आहेत. अलेक्झांडर कनिंगहॅम यांनी १८७० च्या दशकात या लेणीची नोंद केली, तेव्हा मुख्य दालनाची लांबी ७१ फूट मोजली होती.

वर्षावास संपता संपता येथे जाण्याला खास अर्थ आहे. पावसाळ्यात भिक्खूंनी फिरू नये, एका ठिकाणी राहून अभ्यास व साधना करावी, हा वर्षावासाचा नियम. अशा मुक्कामासाठी डोंगरातली कोरडी जागा किती मोलाची, हे आत उभे राहिल्यावर कळते. तुमच्या विहारात वर्षावासात ग्रंथवाचन झाले असेल, तर समाप्तीनंतरच्या पहिल्या रविवारी सगळ्यांनी मिळून विजासनला जावे, लेणीसमोर बसून वंदना घ्यावी आणि एकाने लेणीची माहिती सांगावी. यासाठी वेगळ्या खर्चाची गरज नाही.

तिसरा टप्पा: देवटेकचा दगड

नागभीड परिसरातील देवटेक या गावी एक मोठी शिळा सापडली. ती आता नागपूरच्या मध्यवर्ती संग्रहालयात, म्हणजे लोकांच्या तोंडी असलेल्या अजब बंगल्यात आहे. हे संग्रहालय १८६३ साली सुरू झाले. शिळेवर दोन वेगवेगळ्या काळांतले लेख आहेत. जुना लेख प्राकृत भाषेत आणि प्राचीन ब्राह्मी लिपीत आहे. त्याची अक्षरे बरीच झिजली आहेत, पण उरलेल्या मजकुरात प्राणी पकडण्यास आणि मारण्यास मनाई केलेली आहे. लिपीच्या वळणावरून तो अशोकाच्या काळातला मानला जातो. महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी ही अशोकाच्या धर्ममहामात्राची आज्ञा असावी, असे मत मांडले. दुसरा लेख वाकाटक राजा पहिला रुद्रसेन याचा, सुमारे चौथ्या शतकातला. त्यात चिक्कंबुरी येथील धर्मस्थानाचा उल्लेख आहे. देवटेकजवळचे चिकमारा हेच ते गाव, असे मिराशींचे म्हणणे.

याचा अर्थ, नागभीडच्या ज्या जंगलपट्ट्यात आज माणूस आणि वाघ यांचा संघर्ष रोजच्या बातमीचा विषय आहे, तेथे सुमारे बावीसशे वर्षांपूर्वी प्राण्यांच्या जिवाची काळजी घेणारी राजाज्ञा दगडावर कोरली गेली. ऑक्टोबरमध्ये नागपूरला जाणाऱ्या प्रत्येक गटाने दीक्षाभूमीसोबत संग्रहालयासाठी दोन तास राखून ठेवावेत. कोणते दालन उघडे आहे, हे आधी विचारून घ्यावे.

दावा करताना

आपल्या तरुणांशी एक गोष्ट आम्हाला मोकळेपणाने बोलायची आहे. समाजमाध्यमांवर प्रत्येक जुन्या लेणीला, प्रत्येक जुन्या मूर्तीला 'ही आमचीच' म्हणण्याची घाई दिसते. वारसा नाकारला गेल्याचा राग आम्ही समजू शकतो. तरीही दाव्याला पुरावा लागतो, आणि कच्चा दावा एकदा खोटा ठरला की आपले पक्के पुरावेही लोक संशयाने पाहू लागतात.

दोन उदाहरणे पाहा. सातव्या शतकात ह्युएन त्संग कोसल देशात आला होता. त्याची राजधानी कोणती, यावर एकोणिसाव्या शतकात चांदा, भांदक आणि आजच्या गडचिरोलीतील वैरागड अशी तिन्ही नावे पुढे आली. पुढच्या अनेक अभ्यासकांनी मात्र छत्तीसगडमधील सिरपूरला कौल दिला. दुसरे उदाहरण राजा भवदेव रणकेसरीच्या बौद्ध शिलालेखाचे. सूर्यघोष नावाच्या राजाचा मुलगा महालावरून पडून गेला, त्याच्या दुःखात राजाने शाक्यमुनींचे मंदिर बांधले आणि पुढे भवदेवाने त्याचा जीर्णोद्धार केला, असे त्यात सांगितले आहे. हा लेख बराच काळ भांदकचा समजला गेला. नंतर मिराशींनी तो छत्तीसगडमधील आरंगचा असल्याचे दाखवले.

यामुळे भद्रावतीचे महत्त्व कमी होत नाही. विजासनची लेणी आणि आतले बुद्ध जागेवर आहेत, ते कोणी हलवू शकत नाही. ऐकीव गोष्टीवर विश्वास ठेवू नका, तपासून पाहा, असे तथागतांनी कालामांना सांगितले. ते वारशालाही लागू आहे.

या शरदात हाती घ्यायची चार कामे

पहिले, आठवणी नोंदवणे. १९५६ ला जे दहा-बारा वर्षांचे होते, ते आता ऐंशीच्या घरात आहेत. चांद्याला कोण कोण गेले, बैलगाडीने की पायी, सोबत काय शिदोरी होती, परत आल्यावर घरातले देव कुठे नेले, गावाने काय त्रास दिला, हे सांगणारी माणसे दरवर्षी कमी होत आहेत. मोबाईलवर आवाज नोंदवा. बोलणाऱ्याचे नाव, गाव, वय आणि नोंदीची तारीख सुरुवातीलाच घ्या, आणि नोंद जपून ठेवण्याची परवानगी विचारा. या दिवसांत धान कापणी असते, म्हणून संध्याकाळी जा. आजी-आजोबांना घाई करू नका.

दुसरे, कागद जपणे. जुन्या पत्रिका, फोटो, विहाराच्या बांधकामाच्या वर्गणीच्या वह्या यांचे फोटो काढून गावनिहाय जतन करा. मूळ कागद ज्याचा त्याला परत द्या.

तिसरे, स्वच्छता. चंद्रपूरच्या गोंडकालीन किल्ल्याच्या परकोटाची सफाई इको-प्रो संस्थेच्या तरुणांनी २०१७ पासून श्रमदानाने केली. हा धडा आपल्यालाही घेता येईल. लेणीच्या आवारातला कचरा उचला, पण भिंत खरवडू नका, मूर्तीला रंग वा तेल लावू नका, जवळ मेणबत्त्या पेटवू नका. काजळी दगडात मुरते.

चौथे, सापडलेली वस्तू कळवणे. शेतात नांगरताना मूर्ती, नाणी किंवा कोरीव दगड निघाला, तर जागा न हलवता फोटो काढा आणि तहसील कार्यालयाला व पुरातत्त्व विभागाला लेखी कळवा. वस्तू कुठे आणि कशी सापडली, हाच तिचा अर्धा इतिहास असतो.

जाताना

गडचिरोलीकरांसाठी वडसा हे सोयीचे रेल्वे स्थानक. तेथून नागभीडमार्गे चांदा फोर्टला गाडीने येता येते. भद्रावतीसाठी चंद्रपूर-वरोरा रस्ता किंवा भांदक स्थानक. जंगलालगतच्या ठिकाणी गटानेच जा आणि ऊन उतरायच्या आत परत फिरा. पावसाळ्यानंतर लेण्यांत साप, वटवाघळे आणि आग्या मोहोळे असू शकतात. सोबत टॉर्च ठेवा, आरडाओरडा आणि धूर टाळा. संरक्षित स्मारकाची नासधूस केल्यास १९५८ च्या कायद्याप्रमाणे दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. भिंतीवर 'जय भीम' लिहिणाऱ्यालाही तोच नियम लागतो. तो नारा वहीत लिहा, मनात लिहा, बुद्धाच्या भिंतीवर नको.

यंदा चंद्रपूरहून परतताना गाडी भद्रावतीला थांबवा. सोबत शाळेतली मुले असतील तर त्यांना आधी आत जाऊ द्या.